तीरकमठ्याचा नेम : भिलठाण्यापासून शांघायपर्यंत

बुलढाणा, (प्रतिनिधी) - बुलढाणा या नावातच एक धनुष्य दडलेले आहे. 'भिलठाणा' म्हणजे भिल्लांचे ठाणे, आणि त्यावरूनच पुढे 'बुलढाणा' हे नाव रूढ झाले, असे परंपरेने मानले जाते. आणि 'भिल्ल' हा शब्द कोठून आला? द्राविडी भाषांमध्ये धनुष्याला 'विल', 'बिल' असे शब्द आहेत. त्यांच्याशी या नावाचा संबंध जोडला जातो. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या ग्रंथातही या व्युत्पत्तीची नोंद आहे. या दोन्ही व्युत्पत्ती मान्य केल्या, तर जिल्ह्याच्या नावाचा अर्थ 'धनुर्धरांचे ठाणे' असाच होतो.

मे २०२३ मध्ये याच बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर या अवघ्या १९ वर्षांच्या युवकाने चीनमधील शांघाय येथे विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम लढतीत जगातील अव्वल कंपाउंड तिरंदाज, नेदरलँडचा माइक श्लोसर याला १४९-१४८ अशा एका गुणाने नमवले. भिलठाण्याला शोभेल असाच हा विजय होता. परंतु या दोन टोकांच्या मधला काळ सरळ नाही. ज्या शिकारीसाठी धनुष्य जन्माला आले, ती शिकार कायद्याने बंद झाली आहे. ज्या समाजाची ओळख धनुष्याने होते, त्याच्या झोपडीतला तीरकमठा आता बहुधा सणालाच खाली उतरतो. मग उपजीविकेचे साधन म्हणून ज्याचे काम संपले, त्या धनुष्याला माणूस अजूनही हात का जोडतो? ते ताणताना त्याच्या मनात नेमके काय घडते? आणि या परंपरेचे पुढे काय व्हायचे आहे?

सातपुड्याच्या कुशीत

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले असले, तरी जिल्ह्यातील आदिवासी वस्ती प्रामुख्याने उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल हे समाज राहतात. निहालांची भाषा तर भाषाशास्त्रज्ञांसाठी एक कोडेच आहे. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निर्विवादपणे जुळत नाही. ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि त्यांची वस्ती जळगाव जामोद परिसरातच एकवटलेली आहे.

संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेकडे बुलढाणा-खामगाव मार्गावर ज्ञानगंगा अभयारण्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर पायपीट करून २०१९ च्या अखेरीस याच ज्ञानगंगेत येऊन ठेपला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. सांगायचे तात्पर्य असे, की ज्या भूमीत धनुष्याची परंपरा आहे, तीच भूमी आता वन्यजीवांचे राखीव घर झाली आहे.

बांबूचाच कमठा, बांबूचीच दोरी

मराठीत 'धनुष्यबाण' हा शब्द पुराणांतून आला. 'तीरकमठा' मात्र रानातला आहे. भिल्लांच्या बोलींत धनुष्याला 'कामठी' म्हणतात. या धनुष्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची काठी बांबूची असतेच, पण पारंपरिक पद्धतीत दोरीही बांबूचीच असते. बांबूच्या सालीची लवचिक, पातळ चिवटी काढून ती दोन्ही टोकांना बांधली जाते. पावसाने ती सुती दोरीसारखी सैल पडत नाही आणि तुटली तर नवी चिवटी करायला रानात कोयता पुरतो.

बांबू कोणताही चालत नाही. कोवळा बांबू वाळल्यावर आकसतो, तर पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, असे मानले जाते. म्हणून जून झालेला बांबू हिवाळ्यात निवडायचा, सावलीत वाळवायचा, आगीच्या धगीवर शेकून त्याला हवा तो बाक द्यायचा, असा क्रम असतो. बाणाची काडी बोरूची किंवा बारीक बांबूची, टोक लोखंडाचे आणि मागे पिसे. पिसे शोभेसाठी नसतात. सुटलेला बाण हवेत वळवळतो. मागील पिसांमुळे त्याची शेपटी रेषेत राहते आणि तो सरळ जातो.

बाणांची टोकेही कामानुसार वेगळी. पाखरांसाठी बोथट टोक, म्हणजे पाखरू पडते पण चिंधड्या होत नाहीत. मोठ्या जनावरासाठी धारदार, काटेरी टोक. माशासाठीचा बाण तर फारच युक्तीचा. मासा विद्ध होताच टोक काडीपासून सुटते आणि काडी पाण्यावर तरंगत राहून मासा कोठे आहे ते दाखवते. ज्याला निरक्षर म्हणून हिणवले गेले, त्या समाजाने साधलेले हे यंत्रशास्त्रच होय.

अंगठा न लावणारे हात

भिल्ल धनुर्धर दोरी ओढताना अंगठा वापरत नाहीत, तर्जनी आणि मधले बोट यांच्यात बाण धरतात, असे निरीक्षण अनेकांनी नोंदवले आहे. त्यामागचे कारण विचारले, की उत्तर एकलव्यापाशी जाऊन थांबते. महाभारताच्या आदिपर्वातील निषादराज हिरण्यधनूचा हा पुत्र. द्रोणाचार्यांनी शिष्य म्हणून नाकारल्यावर त्याने मातीच्या मूर्तीसमोर विद्या साधली आणि गुरुदक्षिणा म्हणून उजवा अंगठा कापून दिला. त्यानंतर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीचा वेग राहिला नाही, असे मूळ कथेतच म्हटले आहे. आपल्या पूर्वजाचा अंगठा गेला, म्हणून आपणही तो धनुष्याला लावायचा नाही, अशी भिल्लांची श्रद्धा आहे.

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर दोरी ओढण्याच्या पद्धती जगात मुख्यतः दोन. मध्य आशियातील घोडेस्वार अंगठ्याने दोरी ओढत. त्यासाठी अंगठ्यात दगडाची वा हस्तिदंताची अंगठी घालत. मोगलांच्या अशा अंगठ्या वस्तुसंग्रहालयांत आजही दिसतात. दुसरी पद्धत बोटांची. ऑलिंपिकमध्ये दिसणारा रिकर्व्ह तिरंदाज तर्जनी, मधले बोट आणि अनामिका या तीन बोटांनीच दोरी ओढतो; अंगठा मोकळा राहतो. म्हणजे अंगठा नसल्याने धनुर्विद्या संपत नाही, हे भिल्लांनी पिढ्यान्‌पिढ्या आचरणातून दाखवले होते. जो अन्याय इतिहासाने किंवा कथेने पदरी टाकला, त्यालाच त्यांनी आपली रीत बनवले. तीरकमठ्याच्या आध्यात्मिक अर्थाची सुरुवात येथून होते. या समाजात धनुष्य ताणणे म्हणजे दरवेळी एका अपमानाचे आणि एका निष्ठेचे एकत्र स्मरण करणे आहे.

शिकार : जवळ जाण्याची विद्या

बंदुकीची शिकार दुरून होते. साध्या बांबूच्या धनुष्याने खात्रीचा नेम साधायचा, तर सावजापासून पंधरा-वीस पावलांवर यावे लागते. हरिणासारख्या सावध प्राण्याच्या इतके जवळ जायचे, तर वाऱ्याची दिशा, पाचोळ्याचा आवाज, आपल्या अंगाचा वास, सूर्य कोणत्या बाजूला आहे, या साऱ्यांचे भान ठेवावे लागते. तासन्‌तास स्थिर बसावे लागते. बहुतेक दिवस हात हलवीत परतावे लागते. म्हणूनच धनुष्याच्या शिकारीला निव्वळ मारण्याची विद्या म्हणणे अपुरे ठरते. ती रानाजवळ जाण्याचीही विद्या होती. सावजाच्या सवयी ठाऊक असल्याखेरीज बाण सोडण्याची वेळच येत नसे.

या विद्येला व्रताचे रूप कसे येते, याचे एक बोलके उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस 'इशी' १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एकटाच सापडला. त्याची सगळी माणसे वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांत व उपासमारीत संपली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात त्याला आसरा मिळाला आणि तेथे डॉ. सॅक्स्टन पोप हे शल्यचिकित्सक त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. हरिणाच्या शिकारीला जाण्यापूर्वी इशी आदल्या दिवशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे उठून ओढ्यात स्नान करी, सुगंधी पाला अंगाला चोळी आणि काही न खाता निघे, असे पोप यांनी लिहून ठेवले आहे. माणसाचा वास जाऊ नये हा व्यवहार त्यात होताच. पण मराठी वाचकाला त्यात उपवास आणि सोवळे यांची ओळख पटल्याशिवाय राहणार नाही. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोप यांच्या १९२३ मधील पुस्तकाने अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीची आधुनिक परंपरा सुरू केली. तेथे आज ती परवाना आणि ठरावीक हंगाम यांच्या चौकटीत चालते. ब्रिटनमध्ये मात्र तिला बंदी आहे. जखमी जनावर पळून जाऊन तडफडत मरण्याची शक्यता, हा या शिकारीवरचा मुख्य आक्षेप असून तो गंभीर आहे.

मध्य भारतातील आदिवासींत शिकार कधीच एकट्याची नव्हती. ती सामूहिक असे आणि वाटणीला नियम असत. झारखंडच्या दलमा डोंगरात 'सेंदरा' नावाने होणारी वार्षिक पारध याच जातीची. तेथे वनखाते आता दरवर्षी प्रतीकात्मक शिकारीचे आवाहन करते. आपल्याकडे सातपुड्यात वाघालाही देव मानून 'वाघदेव' पूजला जातो. ज्याला बाण लागू शकतो त्याचीच पूजा, यात विसंगती वाटेल. परंतु जो समाज रानावर जगतो, त्याला घेणे आणि हात जोडणे ही दोन कामे वेगळी वाटत नाहीत.

'नेम' या शब्दाचे दोन अर्थ

मराठी भाषेने हे मर्म एका शब्दात साठवले आहे. 'नेम धरला' म्हणजे लक्ष्य साधण्यासाठी रोखले. आणि 'नेम धरला' म्हणजे व्रत घेतले. वारकऱ्याचा एकादशीचा नेम आणि पारध्याचा बाणाचा नेम यांना भाषा एकच शब्द देते. 'साधणे' आणि 'साधना', 'लक्ष' आणि 'लक्ष्य' या जोड्याही त्याच वाटेवरच्या. मुंडकोपनिषदात ओंकाराला धनुष्य, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य म्हटले आहे. बाणासारखे तन्मय व्हावे, असा उपदेश तेथे आहे. झाडावरील पक्ष्याचा केवळ डोळा पाहणारा अर्जुन तर घराघरांत ठाऊक आहे.

जपानमध्ये याच अनुभवाला 'क्युदो' म्हणजे 'धनुष्याचा मार्ग' असे नाव आहे. १९२४ मध्ये जपानला अध्यापनासाठी गेलेले जर्मन प्राध्यापक ऑयगन हेरिगेल यांनी आवा केन्झो यांच्याकडे ती विद्या घेतली आणि १९४८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बाण 'सोडायचा' नसतो, तो 'सुटला' पाहिजे, हा विचार त्यामुळे जगभर पोहोचला. हेरिगेल यांनी गुरूच्या शिकवणीला झेनचा रंग अधिक चढवला, असे काही जपानी संशोधकांनी पुढे दाखवून दिले. तरीही मूळ निरीक्षण खोटे ठरत नाही. तिरंदाजांना 'टार्गेट पॅनिक' नावाचा विकार जडतो. लक्ष्य दृष्टीत येताच मन उतावीळ होते आणि हात वेळेआधीच दोरी सोडतो. शरीरात बळ असते, डोळा तयार असतो. अडथळा असतो तो जिंकण्याच्या हव्यासाचा. त्यावर उपाय एकच सांगितला जातो. लक्ष्याचा विचार बाजूला ठेवून श्वास, खांदा, पाठ या क्रियेकडे परत यायचे. फळाची आशा न धरता कर्म करण्याचा गीतेतील उपदेशही एका धनुर्धरालाच केलेला आहे, हे येथे आठवावे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. या कायद्यातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, सापळा, जाळे यांच्यासोबत धनुष्यबाणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. 'शिकार' या संज्ञेत केवळ मारणे नव्हे, तर मारण्याचा वा पकडण्याचा प्रयत्नही येतो. अभयारण्यातील शिकारीला तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. अंदमान-निकोबारमधील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क मात्र या कायद्याने अबाधित ठेवले आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींच्या अनेक परंपरागत हक्कांना मान्यता दिली, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. याच कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले. परिणामी चित्र असे, की हक्कदाराला धनुष्यासाठी बांबू मिळू शकतो, धनुष्य घडवता येते, त्याची पूजा करता येते, मैदानावर नेम धरता येतो. परंतु ज्या कामासाठी त्याचा आकार घडला, ते काम करता येत नाही.

या निर्बंधामागे कारण आहे. जंगल आक्रसले, तृणभक्षी प्राणी घटले आणि वाघ-बिबट्यांचे अन्न तुटले. त्यात संघटित तस्करी वाढली. शंभर वर्षांपूर्वी जे रान पारधीचा भार सोसत होते, ते आज सोसू शकत नाही. मात्र त्या रानाची हानी तीरकमठ्याने झाली नाही. ती शेकडो वर्षांत झाली नव्हती. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या बंदुकांनी, रेल्वेसाठीच्या लाकूडतोडीने आणि पुढे धरणे-खाणींनी जे केले, त्याची किंमत शेवटी कामठी बाळगणाऱ्यालाही चुकवावी लागली. मेळघाटातील काही गावांचे पुनर्वसनही झाले. व्याघ्रसंवर्धनाची गरज मान्य करूनही, हा हिशेब विसरणे न्यायाचे होणार नाही. जिल्ह्यात वस्ती असलेल्या फासेपारध्यांच्या बाबतीत तर इंग्रजांनी शिकारीवर जगणाऱ्या समाजालाच गुन्हेगार ठरवले. तो जमात कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशयाची नजर मात्र अजून पुरती गेलेली नाही.

मैदानावरचे धनुष्य

रानातून मैदानाकडे येण्याची वाट काहींना सापडली आहे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचे लिंबा राम हे त्यातील ठळक नाव. बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपणाऱ्या या आदिवासी मुलाला १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या निवड चाचणीत हेरले गेले. पुढे ते तीन ऑलिंपिकमध्ये खेळले. १९९१ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. देशांतर्गत स्पर्धांत 'इंडियन राऊंड' हा प्रकार आजही बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्याने खेळला जातो आणि ग्रामीण मुलांसाठी तीच पहिली पायरी असते.

प्रथमेश जावकर खेळतो ते कंपाउंड धनुष्य मात्र वेगळ्या कुळातले. त्याच्या टोकांना कप्प्या असतात; त्यामुळे पूर्ण ताणल्यावर हातावरील भार बराच कमी होतो. अमेरिकेच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले, आणि त्याचा प्रसार प्रथम शिकाऱ्यांमध्येच झाला. लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटरचे. पंधरा बाणांत १५० पैकी १४९ गुण मिळवायचे, म्हणजे केवळ एकच बाण त्या वर्तुळाबाहेर जाऊ द्यायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे, अभिषेक वर्मा आणि प्रथमेश यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सुवर्ण जिंकले. साताऱ्याच्या अदिती स्वामीने त्याच वर्षी बर्लिनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच समाविष्ट होत आहे. महाराष्ट्रातील तिरंदाजांपुढे हे नवे लक्ष्य आहे.

परंतु कंपाउंडची साधनसामग्री लाखाच्या घरात जाते आणि डोंगरातल्या कुटुंबाला ती परवडणारी नाही. मैदान, प्रशिक्षक आणि धनुष्य या तिन्ही गोष्टी शहरात. आणि ज्यांच्या अंगात ही विद्या वारशाने आली, ती मुले सातपुड्याच्या आश्रमशाळांत, असे हे अंतर आहे.

शमीवरचे धनुष्य

तुर्कस्तानची पारंपरिक तिरंदाजी २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तेथेही युद्ध आणि शिकार मागे पडली. धनुष्य घडवण्याची कला, ते धरण्याची रीत आणि त्यामागचे संस्कार मात्र जपले गेले. बुलढाण्याच्या डोंगरात हे कठीण नाही. बांबू निवडणारे आणि चिवटीची दोरी वळणारे जाणते हात अजून आहेत, तोवर त्यांच्या कौशल्याची नोंद होऊ शकते. आश्रमशाळेच्या पटांगणात गवताचा भारा ठेवून इंडियन राऊंडचा सराव सुरू करायला फार मोठा खर्च लागत नाही. सावजाचा माग काढणाऱ्या नजरेला प्राणीगणनेत आणि वनरक्षणात मोल आहे.

दसऱ्याला शमीच्या पूजनाबरोबर सांगितली जाणारी कथा सर्वांना ठाऊक आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली. त्यात अर्जुनाचे गांडीवही होते. वर्षभर त्यांनी त्यांना हात लावला नाही, पण ती कोठे आहेत हे ते विसरले नाहीत, आणि वेळ आल्यावर गांडीव खाली उतरवले तेव्हा अर्जुनाचा हात तयार होता. सातपुड्यातील तीरकमठाही आज असाच आढ्याला टांगलेला आहे. तो पुन्हा रानातल्या सावजावर रोखला जाणार नाही आणि जाऊही नये. मात्र खांद्याला खांदा लागेपर्यंत वाढलेल्या पोराला तो खाली काढून द्यायचा, तर त्याला नेम धरायला शिकवणारा कोणी तरी घरात असायला हवा. ती पिढी आता वयोवृद्ध होत चालली आहे.